दुसऱ्याची गाडी चालवताना विमा: ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नौपाड्यात बसून मोटार विम्याचं काम करतो. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मे महिना, या काळात एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत फोनवर येतो: "साडूची गाडी घेऊन गावी चाललोय, काही झालं तर इन्शुरन्स मिळेल ना?" 'मिळेल' एवढं उत्तर एका शब्दात देता येतं. पण त्यानंतर जे 'पण' येतात ते पनवेल सोडेपर्यंत संपत नाहीत. ते सगळे इथे लिहून ठेवले आहेत.

गाडी माझ्या नावावर नाही, पॉलिसीही नाही. मी चालवताना अपघात झाला तर विमा लागू होतो का?

होतो. आपल्याकडे विमा गाडीचा काढला जातो, चालवणाऱ्याचा नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत चालकाबद्दलचं एक कलम असतं. त्याचा अर्थ असा, की विमाधारक किंवा दुसरी कुणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, फक्त अपघाताच्या वेळी तिच्याकडे चालू असलेला परवाना हवा आणि परवाना बाळगायला ती अपात्र ठरलेली नसावी. नातं लागत नाही, आडनाव जुळावं लागत नाही, पॉलिसीवर तुमचं नाव चढवावं लागत नाही.

न्यू जर्सीहून आलेला भाचा सांगतो, "मामा, नाव अ‍ॅड करावं लागतं." तो खोटं बोलत नाही. तिकडे घरातल्या चालकांची नावं पॉलिसीत नोंदवायची पद्धत आहे. इथे ती नाही.

मालकाकडून परवानगीची चिठ्ठी घ्यावी का?

कायद्याने सक्ती नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्या सकाळी गाडी नेतो", "ने" एवढं असलं तरी पुरतं. न विचारता किल्ली उचलून गाडी नेली तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १९७ खाली तो गुन्हा आहे. मग मालकाची पंचाईत होते, कारण ही चोरी होती की घरातलीच गडबड, हे त्यालाच पोलिसांपुढे सांगावं लागतं.

परवाना आहे, पण नेमकं काय तपासू?

सगळा खेळ याच कागदावर आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी तारीख बघा. परवाना संपल्यावरही पुढचे ३० दिवस तो चालू धरण्याची जुनी सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. आता ज्या दिवशी संपला त्या दिवशी संपला. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो, त्यामुळे निवृत्त माणसांचे परवाने नकळत संपलेले असतात. सगळ्यात जास्त घोटाळे मी याच वयात पाहिले आहेत. माणूस चाळीस वर्षं उत्तम गाडी चालवतोय आणि खिशातला परवाना सहा महिन्यांपूर्वी संपलाय.

मग वर्ग बघा. फक्त मोटारसायकलचा परवाना असलेल्याने कार चालवली तर विमा कंपनीच्या दृष्टीने तो बिनपरवान्याचाच. कारसाठी हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही परवाना लागतो. ओळखीच्याची पिवळ्या पाटीची टॅक्सी घरी नेऊन ठेवायची वेळ आली तर? ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला एलएमव्ही परवाना पुरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम ठेवलं.

गाडी देणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. घेणाऱ्याच्या परवान्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे तो परवाना बनावट निघाला तर "मी बघितला होता, खरा वाटला" हे तुम्हाला दाखवता येतं. २००४ च्या स्वर्ण सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: परवान्यात खोट आहे एवढ्यावर कंपनी हात झटकू शकत नाही, मालकाचा हलगर्जीपणा तिला सिद्ध करावा लागतो. आणि परवानाच नसलेल्याला गाडी दिली तर चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आणि देणाऱ्यालाही ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

मुलगी शिकतेय. लर्निंग लायसन्सवर मेहुण्याची गाडी चालवली तर?

चालते, पण शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसलेला हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल 'एल' हवा. मेहुणा मागच्या सीटवर डुलक्या घेत असेल तर तो शिकवतोय असं धरत नाहीत. पाम बीच रोडवर रविवारी सकाळी शिकायला येणाऱ्या गाड्या मोजल्या तर पाटी नसलेल्याच जास्त भरतील.

परदेशातून सुट्टीवर आलेला पुतण्या माझी गाडी चालवू शकतो का?

त्याचा भारतीय परवाना अजून चालू असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तिकडून निघतानाच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायला सांगा. इथे पोचल्यावर "बनवून घेऊ" म्हणून तो मिळत नाही. नुसत्या परदेशी परवान्यावर दिवसभर घोडबंदर रोडवर फिरून येईलही, पण क्लेमच्या वेळी वाद घालायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

साडू म्हणतो, "इन्शुरन्स आहे रे." एवढं पुरे का?

नाही. "आहे" या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्या दोन्हींत लाखभराचा फरक पडू शकतो.

एक आहे थर्ड पार्टी पॉलिसी. कायद्याने सक्तीची तेवढी हीच. तुमच्या हातून दुसऱ्याला इजा झाली, मृत्यू झाला, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ती भरपाई देते. इजा आणि मृत्यूसाठी रकमेला मर्यादा नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल तेवढी. मालमत्तेसाठी खासगी कारला ७.५ लाखांपर्यंत. पण साडूच्या गाडीचा बोनेट चेपला तर या पॉलिसीतून एक रुपया येत नाही. तो तुम्ही आणि साडू आपसांत बघून घ्यायचा.

दुसरी पॅकेज, ज्याला सगळे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात. तिच्यात गाडीचं स्वतःचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज, येतं.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. ओन डॅमेज मात्र बहुतेक लोक एकेक वर्षाचा घेतात. म्हणून दुसऱ्या वर्षी गंमत होते. मालकाला वाटतं "तीन वर्षांचा काढलाय", प्रत्यक्षात ओन डॅमेज कधीच संपलेला असतो आणि थर्ड पार्टी तेवढा चालू असतो. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, पण कुठला भाग चालू आहे हे कळायला पॉलिसीचं पहिलं पानच उघडावं लागतं. 'ओन डॅमेज'समोरची तारीख वाचा, मगच किल्ली घ्या.

विमाच नसलेली गाडी चालवताना पकडलात तर कलम १९६ आहे: पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा ४,०००, आणि कैदही होऊ शकते. चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही यात येतात. "गाडी माझी नाही" हे उत्तर तीन हात नाक्यावर चालत नाही.

मला स्वतःला लागलं तर?

हा प्रश्न दहातला एखादाच विचारतो. खरं तर तोच आधी विचारायला हवा.

पॉलिसीत सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं, १५ लाखांचं. त्याच्या नावातच मेख आहे: ते 'ओनर-ड्रायव्हर'चं आहे. गाडीचा नोंदणीकृत मालक, ज्याच्या नावावर पॉलिसी आहे आणि ज्याच्याकडे चालू परवाना आहे, त्यालाच ते लागू होतं. मालक शेजारी बसला असेल आणि त्याला लागलं तर त्यालाही मिळतं. तुम्ही उसनी गाडी चालवणारे, तुम्ही त्यात नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीवर असलेलं तसलंच कव्हर साडूच्या गाडीत तुमच्यासोबत येत नाही, कारण तेही तुमच्या त्या गाडीला बांधलेलं असतं.

मग थर्ड पार्टीतून? चूक समोरच्या ट्रकची असेल तर ट्रकच्या विमा कंपनीकडून तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना रीतसर भरपाई मागता येते. पण दुसरं वाहनच नव्हतं, रात्री गायमुखच्या उतारावर गाडी कठड्याला धडकली, किंवा चूक तुमचीच होती, तर? इथे कायदा कठोर आहे. गाडी उसनी घेणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात सांगितलं आणि २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात पुन्हा सांगितलं. मालक स्वतःच्याच विमा कंपनीकडे स्वतःला 'तिसरा पक्ष' म्हणवून घेऊ शकत नाही, तसं तुम्हालाही नाही.

म्हणजे गाडीचा दरवाजा बदलून मिळेल, पण चालवणाऱ्याच्या मोडलेल्या पायाला काही नाही. हे ऐकल्यावर समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

यावर इलाज साधा आहे. स्वतःची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. ती माणसाची असते, त्यामुळे साडूची कार असो, मित्राची बुलेट असो किंवा लोकलचा डबा, ती लागू राहते. दवाखान्याच्या खर्चासाठी आरोग्य विमा. शिवाय २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची. ती पहिल्या धावपळीत उपयोगी पडते, घर चालवायला नाही.

आणि गाडीत बसलेली माणसं? बायको, मुलं, सासूबाई?

पॅकेज पॉलिसी असेल तर खासगी कारमधले प्रवासी तिच्यात येतात. नुसती थर्ड पार्टी असेल तर फुकट बसलेले घरचे किंवा मित्र येत नाहीत. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केला. दुचाकीच्या मागच्या सीटवरच्यालाही तोच नियम.

म्हणून जुनी गाडी, नुसती थर्ड पार्टी आणि आत सातजण कोंबून महाडपर्यंत, असा बेत कुणी सांगितला की मी स्पष्ट म्हणतो, एसटीने जा.

क्लेम मालकाच्या नावावर होतो, मग मी माझ्या खिशातून किती द्यायचं?

यावर पॉलिसी काही बोलत नाही. हा नात्यांचा प्रश्न आहे, पण आकडे समोर असले की नातं सांभाळायला सोपं जातं. एक ढोबळ हिशेब मांडतो.

गाडी साडेतीन वर्षांची, १,१९७ सीसी. कापूरबावडीच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोला टेकली. बंपर ९,००० रुपये, फेंडर ४,०००, रंगकाम ८,०००. एकूण २१,०००. घसारा माफ करणारा 'झिरो डेप' हा जोड (अ‍ॅड-ऑन) घेतलेला नाही.

प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे ४,५०० तुमचे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला धातूच्या भागावर २५ टक्के, म्हणजे फेंडरचे १,०००. रंगकामाच्या बिलातला चौथा भाग साहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मा कापतात, म्हणजे १,०००. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. बेरीज ७,५००. कंपनी देणार १३,५००.

इथे बहुतेक लोक थांबतात, "साडेसात हजार देतो" म्हणतात आणि हिशेब मिटला असं समजतात. मिटलेला नसतो. मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी सवलत, जातो. समजा त्याला आत्ता ३५ टक्के मिळतोय आणि सवलतीआधीचा ओन डॅमेज प्रीमियम ८,००० आहे. क्लेम झाला नसता तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, मग ५० टक्के मिळाला असता. क्लेममुळे तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढत जातो. प्रीमियम तोच राहिला असं धरलं तर नुकसान पहिल्या वर्षी ३,६००, मग २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. एकूण ९,६००. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. तरी १३,५०० मिळवायला मालकाने नऊ हजारांच्या आसपास गमावले, हे खरंच.

माझं मत विचाराल तर पंधरा-वीस हजारांपर्यंतचं काम असेल तर क्लेम करूच नका. गाडी घेणाऱ्याने गॅरेजचं पूर्ण बिल द्यावं. त्याच्या वर असेल तर क्लेम करा, आणि कापलेली रक्कम अधिक पहिल्या वर्षाचा बुडालेला बोनस घेणाऱ्याने द्यावा. हा नियम नाही, माझ्या घरात आम्ही असं करतो.

माझ्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी इथे काही कामाला येते का?

नाही. तुमचा बोनसही बुडत नाही, एवढाच काय तो आनंद.

पेट्रोलचे पैसे वाटून घेतले तर 'भाडं' होतं का?

चार मित्रांनी डिझेल आणि टोल वाटून घेतला तर त्याला कुणी भाडं म्हणत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, मालवाहतूक, शर्यत, वेगचाचणी हे वगळलेलं असतं. रोज सकाळी ऐरोलीहून पवईला माणशी ठरलेले पैसे घेऊन चार सीट भरणं हे त्यात बसतं. पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीत "दिवसाला दोन हजार दे आणि ने" म्हणून देणं तर सरळसरळ भाडं. काहीजण म्हणतात, पैसे रोख दिले, कुणाला कळणार? अपघातानंतर जबाब घेतात तेव्हा गाडीतला तिसरा माणूस खरं सांगून मोकळा होतो.

सेल्फ ड्राइव्हची भाड्याची गाडी घ्यायचीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली घ्या. तिचा विमा त्या वापरासाठीच असतो. बुकिंगच्या अटींमध्ये तुमच्यावर किती रक्कम बसते तेवढं वाचा.

कंपनीची गाडी घरच्यांनी चालवली तर? आणि बदली ड्रायव्हर बोलावला तर?

कंपनीच्या गाडीलाही चालकाचं कलम तेच, पण तुमच्या कंपनीचे अंतर्गत नियम वेगळे असू शकतात. विमा देईल आणि एचआर विचारेल, असं होतं. पगारी किंवा बदली ड्रायव्हर ठेवणाऱ्याने पॉलिसीत पगारी चालकाची जबाबदारी हा जोड घेतलेला असावा. तो जुन्या दरपत्रकात चालकामागे वर्षाला ५० रुपयांचा आहे. चहाच्या पैशांत मिळणारं एवढं मोठं संरक्षण मला दुसरं माहीत नाही.

अपघात झालाच तर त्या क्षणी काय करू?

जखमी असेल तर आधी दवाखाना. ११२ ला फोन. इजा झाली असेल तर पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं चालकावर बंधनकारक आहे, मालकावर नव्हे, चालकावर. म्हणजे तुमच्यावर. मग मालकाला फोन करा. ओशाळं वाटतं म्हणून लोक आधी ओळखीच्या मेकॅनिकला फोन करतात आणि मालकाला संध्याकाळी सांगतात. विमा कंपनीला ताबडतोब कळवायचं असतं आणि ते मालकानेच करायचं, त्यामुळे हा उशीर त्याच्या अंगावर येतो.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, समोरच्या गाडीची पाटी दिसेल असे. नुकसान मोठं असेल तर जागेवरच पाहणी मागा. माणगावला किंवा इंदापूरजवळ बंद पडली तर पॉलिसीतली रोडसाइड मदत गाडीच्या नंबरवर मिळते, तुमचं नाव कुणी विचारत नाही.

क्लेम फॉर्मवर सही मालकाची, परवाना तुमचा, आरसी आणि पॉलिसी गाडीची. इजेचा मामला असेल तर एफआयआर आणि पंचनामा. डिजिलॉकरमधली कागदपत्रं पोलिसांना चालतात. पैसे गॅरेजला किंवा मालकाच्या खात्यात जातात, तुमच्या खात्यात कधीच येत नाहीत.

आणि फौजदारी बाजू विम्यात येत नाही. बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा चालवणाऱ्यावर दाखल होतो, आता भारतीय न्याय संहितेखाली. त्यातला दंड कुठलीही विमा कंपनी भरत नाही. नुकसानभरपाईचा दावा मात्र चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांवर होतो. अपघात कुठेही झाला तरी जखमी ठाण्यात राहणारा असेल तर तो ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.

परवाना नव्हता म्हणून "मीच चालवत होतो" असं मालकाने सांगितलं तर?

नको. एवढं एकच सांगतो: नको. टोलनाक्यावर कॅमेरा असतो, पेट्रोल पंपावर असतो, दवाखान्याच्या नोंदीत "चालकाच्या सीटवर होता" असं डॉक्टरने लिहिलेलं असतं आणि तपासनीस नेमका तोच कागद आधी काढतो. बंपरचा क्लेम होता तो फसवणुकीचा गुन्हा होऊन बसतो.

दोन पेग घेतले होते. आता?

गाडीचं नुकसान मिळणार नाही. समोरच्याला भरपाई न्यायालय देववेल, पण कंपनीला ती रक्कम मागाहून मालकाकडून वसूल करता येते. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही हद्द आहे, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. येऊरहून उतरताना मित्राची किल्ली हातात घेणाऱ्याने आपल्यापेक्षा मित्राचं घर पणाला लावलेलं असतं.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, सोसायटीच्या आतच चालवतो...

कलम १९९ अ वाचा. पालक किंवा मालक यांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पुढचा प्रश्न.

उसन्या गाडीत पावसाचं पाणी शिरलं तर?

पूर हा पॅकेज पॉलिसीत येतो. सीट, वायरिंग, गालिचे मिळतील. इंजिनाचं वेगळं आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने नाही, तुमच्या स्टार्टरने झालं, असं कंपनी म्हणते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हा जोड लागतो. २६ जुलै २००५ नंतर आपल्याकडच्या लोकांना हे पाठ व्हायला हवं होतं, पण दरवर्षी वंदना टॉकीजजवळ कुणीतरी पाण्यात उभं राहून किल्ली फिरवत असतंच. गाडी बंद पडली की किल्ली काढा, ढकला, टो करा.

वडील गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, मी चालवतो.

हा 'दुसऱ्याची गाडी'चाच प्रकार, फक्त विचारायला मालक उरलेला नाही. पॉलिसी मृत्यूनंतर लगेच बंद पडत नाही. तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत ती वारसांसाठी चालू राहते. आरटीओला मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत नावबदल मागायचा. वारसांची संमतीपत्रं गोळा करण्यातच वेळ जातो, एक भाऊ नाशिकला, बहीण बडोद्याला. म्हणून दिवसकार्य उरकलं की याच कागदाला हात घाला. पॉलिसीचं नूतनीकरण दिवंगत वडिलांच्या नावावर ऑनलाइन होऊन जातं, पैसेही घेतले जातात, पण क्लेमच्या वेळी त्या कागदाला किंमत राहत नाही.

मित्राकडून गाडी विकत घेतली, आरसी अजून त्याच्या नावावर आहे.

मग तुम्ही दोघेही अडकलेले आहात. थर्ड पार्टीचा भाग विक्रीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज जात नाही, त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यावं लागतं. इकडे विकणाराही सुटत नाही: आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे, भले गाडी तीन हात फिरलेली असो. एमएच ०४ ची गाडी एमएच ४३ मध्ये राहणाऱ्याला विकली तरी राज्य तेच, मुदत तीच, १४ दिवस.

एक गंमत लक्षात ठेवा. विमा गाडीचा, पण नो क्लेम बोनस माणसाचा. विकणाऱ्याने आपला बोनस पत्र घेऊन नव्या गाडीवर न्यायचा असतो. विकत घेणाऱ्याला तो मिळत नाही.

पीयूसी संपली होती. क्लेम नाकारतील?

त्या कारणावरून नाही. दंड वेगळा.

चलन कुणाला येतं?

मालकाच्या मोबाइलवर. गाडी परत करताना टाकी भरतात तशी चलनंही आठवड्याभराने विचारा.

माझ्याकडे असताना गाडी चोरीला गेली तर?

लगेच एफआयआर, लगेच कंपनीला कळवणं, आणि दोन्ही मूळ किल्ल्या. दुसरी किल्ली मालकाच्या घरी असते म्हणून बरं, पण तुमच्याकडची किल्ली गाडीतच राहिली होती असं निघालं तर निष्काळजीपणाचा मुद्दा येतो आणि रक्कम कापली जाते किंवा नाकारली जाते. "दोन मिनिटं वडापाव घ्यायला उतरलो होतो" हे वाक्य जबाबात फार वाईट दिसतं.

कंपनीने क्लेम नाकारला. मी तक्रार करू का?

तुम्ही नाही, पॉलिसीधारकाने. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे ऐकले जातात. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. अर्जावर सही साडूचीच लागणार, सुनावणीला हाक त्यालाच येणार. त्या दिवशी त्याची रजा तुम्ही भरून द्या आणि कागदांची फाइल तुम्ही तयार करा, तारखेप्रमाणे लावून.